तिसरीतल्या मुलाला ज्युडो लावू का? (आणि चाळिशीत आपणही जावं का?)

चिंचगुळ | ६ एप्रिल, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी, दोन वर्षं नुसती वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मुलगा आठ वर्षांचा, अंगाने काडी आणि स्वभावाने भित्रा म्हणवत नाही पण घसरगुंडीच्या वर पोचला की अजून मला हाक मारतो. आमच्या मागच्या गल्लीत (पुणे, सिंहगड रोड) एका हॉलमध्ये कराटे, तायक्वांदो आणि ज्युडो असे तीन वर्ग चालतात. नवरा म्हणतो कराटे लाव, निदान बघून कळतं तरी काय चाललंय ते. पण परवा भाजी घेऊन येताना मी खिडकीतून ज्युडोचा वर्ग बघितला तर पोरं अर्धा तास फक्त पडत होती!! ओळीने उभी, सर काहीतरी ओरडले की धप्प, सगळी पाठीवर, दोन्ही हात मॅटवर फाडकन आपटून, परत उभी, परत धप्प. आणि हसत होती. मी तिथेच उभी, हातातली कोथिंबीर मरगळली. सासूबाईंचं म्हणणं, पैसे भरून पोराला आपटायला कशाला पाठवायचं, घरी फुकटात आपटतोच की.

तर ज्यांनी केलंय किंवा मुलांना घातलंय त्यांनी सांगा ना, याचा खरंच काय उपयोग होतो, हाडंबिडं मोडतात का, आठ हे वय लवकर होतं का. आणि एक हळूच विचारते, त्याच हॉलमध्ये रात्री मोठ्यांची बॅच असते, माझं वय एकोणचाळीस, हसू नका.

खवचटखान | ६ एप्रिल, रात्री ११:०५

आमची पोरं सोफ्यावर पडून मोबाईल बघण्यात ब्लॅक बेल्ट आहेत. तेही हात न आपटता.

मॅटवरची | ७ एप्रिल, सकाळी ७:५०

चिंचगुळ ताई, तुम्ही खिडकीतून बघितलंत तोच खरा ज्युडो, बाकीचं नंतर. त्याला उकेमी म्हणतात, आम्ही सगळे ब्रेकफॉल म्हणायचो. मी संभाजीनगरला (तेव्हाचं औरंगाबाद) पाचवीपासून कॉलेजपर्यंत खेळले, दोनदा स्टेट, नॅशनलला कधीच सिलेक्शन नाही, त्यामुळे मी काही मोठी खेळाडू नाही हे आधीच सांगते. आमच्या सरांनी पहिला दीड महिना एकही थ्रो शिकवला नाही. आधी बसून मागे पडायचं, मग उकिडवं बसून, मग उभ्याने, मग बाजूला, मग पुढे कोलांटी घेऊन. हनुवटी छातीला लावायची, बेल्टची गाठ दिसली पाहिजे नजरेला, म्हणजे डोकं मागे आपटत नाही. हात शरीरापासून थोडा लांब, पूर्ण तळहात आणि कोपरापर्यंतचा भाग एकदम मॅटवर, म्हणजे धक्का एकाच हाडावर न येता पसरतो. श्वास सोडायचा. आई विचारायची काय शिकलीस, मी सांगायचे पडायला, ती बाबांकडे बघायची.

याचा उपयोग काय ते मला कळलं वयाच्या एकतिसाव्या वर्षी. जालना रोडला पहिल्या पावसात गाडी सरकली, मी उडाले, आणि जेव्हा समजलं तेव्हा मी रस्त्याच्या कडेला बसलेली होते, खांद्यावरून कोलांटी होऊन गेलेली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. मी काही ठरवून केलं नव्हतं, चौदा वर्षं मॅटवर पायसुद्धा ठेवला नव्हता. नशीब पण होतंच, मागून ट्रक येत नव्हता.

आणि अजून एक गोष्ट जी खिडकीतून दिसत नाही. थ्रो मारताना पाडणाऱ्याने समोरच्याची बाही शेवटपर्यंत सोडायची नसते. वर खेचून धरायची, म्हणजे तो पाठीवर नीट उतरतो आणि त्याचा एक हात आपटायला मोकळा राहतो. बाही सोडलीस तर सर सगळ्यांसमोर वीस उठाबशा काढायला लावायचे, थ्रो कितीही देखणा असो. म्हणजे पाडायचं पण तूच आणि सांभाळायचं पण तूच. हे आठ-दहा वर्षांच्या पोरांच्या अंगात मुरतं हो, भाषण न देता.

चिंचगुळ | ७ एप्रिल, सकाळी ९:१५

बाही सोडायची नाही हे वाचून का कोण जाणे पण छान वाटलं. धन्यवाद!

तांबडीमाती | ७ एप्रिल, दुपारी १:३०

आमी कागलकडचं, घरात तीन पिढ्या तालमीतल्या. ज्युडो ज्युडो म्हणून डोक्यावर घेऊ नगासा, त्यातला तो सेओई नागे का काय म्हंत्यात तो म्हंजे आमची धोबीपछाड, आणि ते ओसोतो गारी म्हंजे बाहेरली टांग. माझा पुतण्या ज्युडो खेळतो म्हणून बघायला गेलतो, म्हटलं हे तर आपलंच की, कपडे घालून. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीला कांस्य आणलं ते याच मातीतनं. पोराला पडाय शिकवण्यापेक्षा न पडाय शिकवा.

आणि एक, त्या पोरानं एकेरी पट काढला तर पंचानं त्यालाच शिक्षा दिली!! पायाला हात लावायचा नाय म्हणं. ही कसली कुस्ती.

मॅटवरची | ७ एप्रिल, दुपारी २:१०

तांबडीमाती दादा, पायाला हात लावायची बंदी २०१० पासून आली, आधी चालायचं. वरच्या लोकांना वाटायला लागलं की सगळे वाकून पायच धरायला लागलेत, उभ्याने थ्रो कोणी मारेना. आमच्यातल्या बऱ्याच जुन्या लोकांना ती बंदी आजही पटलेली नाही, तेव्हा तुमच्या पुतण्याला माझी सहानुभूती :) बाकी कुस्तीवाले ज्युडोत फार चांगले चालतात हे खरंच. जॉर्जियावाले बघा, त्यांची गावाकडची चिदाओबा म्हणून कुस्ती आहे, जाड जाकीट घालून खेळतात, तिथली पोरं ज्युडोत जगाला भारी पडतात.

पण "न पडाय शिकवा" याला माझा विरोध. कुस्तीत पाठ लागली की संपलं म्हणून जीव गेला तरी पाठ लावायची नाही, मान वाकडी करून पुल घालायचा. स्पर्धेत ज्युडोतही तेच, पाठीवर जोरात आणि ताब्यात पाडलं की इप्पॉन, खेळ खल्लास. पण रोजच्या सरावात तासाला शंभर वेळा पडायचं असतं आणि त्यात कमीपणा नसतो. भित्र्या मुलाला हा फरक फार मोठा आहे. त्याला पहिल्याच दिवशी कळतं की पडणं हा अभ्यास आहे.

तांबडीमाती | ७ एप्रिल, दुपारी २:४०

हे मात्र पटलं. आमच्या वस्तादांनी पडल्यावर काठीनं हाणलंय.

हाडं_सांधे_वगैरे | ७ एप्रिल, रात्री ९:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, स्वतः ज्युडो केलेलं नाही पण खेळाडू येतात माझ्याकडे. मॅटवरची यांनी लिहिलंय त्याला थोडी जोड देते. माणूस पडताना आपसूक हात पुढे टेकतो, सगळं वजन मनगटावर येतं आणि मनगटाच्या वरचं हाड मोडतं, मुलांमध्ये आणि साठीच्या पुढच्या बायकांमध्ये हे फ्रॅक्चर आम्ही सतत बघतो. ज्युडोतली उकेमी नेमकी ही सवय मोडते. शिवाय वाढत्या वयात हाडांवर असा धक्क्यांचा आणि ओढाताणीचा भार आला की हाडांची घनता चांगली होते, ज्युडो खेळणाऱ्यांवर याचे अभ्यासही झालेत. तोल, पकड, कमरेची ताकद, दोन्ही बाजूंनी अंग वळणं, हे सगळं एका खेळात क्वचित मिळतं. आमच्याकडे येणारी हल्लीची बरीच दहा वर्षांची मुलं एका पायावर दहा सेकंद उभी राहत नाहीत, हे मी गमतीने लिहीत नाहीये.

आता दुसरी बाजू. हा संपर्काचा खेळ आहे, खांदा, हंसळीचं हाड, गुडघा आणि बोटं यांना मार लागतो. सगळ्यात गंभीर म्हणजे डोकं. नवीन मुलाला मागे पाडणारा थ्रो (तेच, बाहेरली टांग) त्याची मान तयार व्हायच्या आत मारला तर डोक्याचा मागचा भाग आपटतो. डोक्याला लागून मूल गुंगल्यासारखं झालं, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणालं तर त्या दिवशी खेळ बंद, डॉक्टरकडे, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत मॅटवर परत नाही. "काही नाही रे, उठ" म्हणणारे सर असतील तर वर्ग बदला.

मोठ्यांसाठी: कमरेची गादी सरकलेली असेल, हाडं ठिसूळ असल्याचं निदान असेल, बीपी कंट्रोलमध्ये नसेल तर आधी आपल्या डॉक्टरांशी बोला. बाकी ३९ हे काही वय नव्हे ताई.

आज्जी_सदुसष्ट | ७ एप्रिल, रात्री ९:४५

म्हणजे मला पण पडायला शिकवा की कोणीतरी. बाथरूममध्ये जाताना रोज देवाचं नाव घेते.

हाडं_सांधे_वगैरे | ७ एप्रिल, रात्री १०:००

आजी, चेष्टा नाही, स्वीडनमध्ये ज्युडोच्या पडण्याच्या तंत्रावरून खास मोठ्या वयाच्या लोकांसाठी वर्ग चालवतात. जाड गादीवर, बसल्या जागेवरून सुरुवात, कोणी कोणाला उचलून टाकत नाही. पण यूट्यूबवर बघून घरी पलंगावर करू नका प्लीज. आधी पायाची ताकद आणि तोल यावर काम करू, आणि बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घ्या, तो उद्याच.

योकोहामाकर | ८ एप्रिल, सकाळी ६:३०

इथे जपानमध्ये नऊ वर्षं झाली, दोन्ही मुलं ज्युडोला जात होती, मोठा अजून जातो. मी राहतो तिथून जवळ यामाशिता पार्कात हिकावा मारू नावाचं जुनं जहाज कायमचं उभं आहे, म्युझियम केलंय. ज्युडोचे जनक जिगोरो कानो याच जहाजावर १९३८ च्या मे महिन्यात वारले, कैरोहून ऑलिंपिक समितीची बैठक करून परत येत होते. आशियातले पहिले ऑलिंपिक समिती सदस्य, १९०९ पासून. मूळचे मास्तर, म्हणजे शिक्षणक्षेत्रातले. अंगाने किरकोळ, लहानपणी धटिंगण पोरांचा मार खाल्लेला, म्हणून जुजुत्सु (जपानची जुनी नि:शस्त्र झटापटीची कला) शिकले आणि १८८२ साली तोक्योतल्या एका देवळात बारा चटयांच्या जागेत स्वतःची शाळा काढली. जुजुत्सुमधलं जे जिवावर बेतणारं होतं ते बाजूला काढलं, पडण्याचं शास्त्र पक्कं केलं, त्यामुळे पोरं पूर्ण ताकदीनं एकमेकांशी झगडू शकायला लागली आणि दुसऱ्या दिवशी परत यायला धड राहिली. चिंचगुळ ताई, तुमच्या काडी पैलवानासाठीच निघालेला खेळ आहे हा.

पण गुलाबी चित्र नको म्हणून हेही सांगतो. जपानातल्या शाळांमध्ये १९८३ पासूनच्या साधारण तीस वर्षांत ज्युडो करताना शंभराहून जास्त मुलांचे जीव गेले, त्यातली बरीच डोक्याच्या माराने. २०१२ ला माध्यमिक शाळेत युद्धकला सक्तीच्या झाल्या तेव्हा यावर इथे मोठा गदारोळ झाला, पालकांनी संघटना काढल्या, मग कुठे नियम कडक झाले. आणि २०२२ मध्ये इथल्या ज्युडो महासंघाने प्राथमिकच्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद करून टाकली. कारण काय तर पालक आणि प्रशिक्षक जिंकण्यासाठी पोरांच्या मागे हात धुवून लागले होते, वजन कमी करायला लावत होते, बाहेरून ओरडत होते. ज्या देशाने हा खेळ जन्माला घातला त्यांनी हे केलं म्हणजे विचार करा. माझ्या धाकट्याने तेव्हाच सोडला, तो आता ट्रम्पेट वाजवतो, ठीक आहे.

खवचटखान | ८ एप्रिल, सकाळी ८:१०

आमच्याकडे अशा कारणाने स्पर्धा बंद करायची म्हटली तर पाचवीची स्कॉलरशिपच बंद करावी लागेल.

पंचेचाळिशीपार | ८ एप्रिल, रात्री ११:२५

"हळूच विचारते" वाचलं आणि लिहायला बसलो. मी एक्केचाळिसाव्या वर्षी सुरू केलं, आता सेहेचाळीस, ठाण्यात. आयटीत आहे, म्हणजे पाठ, मान, ॲसिडिटी आणि शुगर बॉर्डरवर हे पॅकेज. जिमला तीन वेळा वर्षाचे पैसे भरून तीन वेळा दोन आठवडे गेलेला माणूस. मुलाला सोडायला जायचो, बाहेर बसून फोन बघायचो, एक दिवस सर म्हणाले काका बसून काय करताय, या आत. गेलो. पहिल्या रांदोरीत (म्हणजे मोकळा सराव, स्पर्धा नाही, दोघांनी एकमेकांना पाडायचा प्रयत्न करायचा) समोर सतरा वर्षांचं पोरगं, पन्नास किलोचं असेल, मी ब्याऐंशी. म्हटलं याला काय, उचलून ठेवतो. तीस सेकंदात माझा श्वास संपला, हातांचे अंगार झाले, आणि मी त्याला ढकललं तर तो मागे सरकला आणि मीच त्याच्यावरून गेलो. बाही धरून ठेवली होती त्याने, मॅटवरची म्हणतात तसं. वर "काका, लागलं नाही ना" म्हणून विचारलं. इतकं अपमानास्पद आणि इतकं मजेशीर एकाच वेळी काही झालं नव्हतं बऱ्याच वर्षांत.

काय फायदा झाला ते प्रामाणिकपणे सांगतो. वजन फक्त चार किलो उतरलं कारण क्लासनंतर आम्ही सगळे मिसळ खातो. शुगर बॉर्डरच्या आत आली पण त्यात रात्रीचा भात सोडला त्याचाही वाटा असणार. पाठ दुखायची थांबली, हे मात्र नक्की ज्युडोमुळेच. पण मुख्य म्हणजे तो दीड तास डोक्यात दुसरं काहीही येऊ शकत नाही. चालताना, पळताना, ट्रेडमिलवर मी ऑफिसच्या मेल लिहीत असायचो मनात. इथे कोणीतरी तुमची कॉलर धरून तुम्हाला जमिनीवर आणायला बघतंय, मेल कसली लिहिताय.

आणि चाळिशीनंतर आपल्याला कोणी हात लावत नाही हो, म्हणजे घरचे सोडून. मित्रांना भेटलो तरी लांबून. इथे पोरं, कॉलेजवाले, एक रिक्षावाले दादा, एक सीए बाई, सगळे घामाघूम एकमेकांना धरून झगडतात आणि शेवटी वाकून नमस्कार करतात. मला हे नीट मांडता येत नाहीये.

तोटे पण लिहितो. बरगडी दुखावली, तीन आठवडे शिंकताना देव आठवले. करंगळीला कायम टेप. एकदा अख्ख्या बॅचला गजकर्ण झालं, कारण मॅट पुसत नव्हते. तेव्हा जाल तिथे विचारा की मॅट किती दिवसांनी पुसतात, मॅटखाली नुसतं काँक्रीट आहे का. नखं कापून जा. पहिले सहा महिने ताकदवान आणि उत्साही नवख्या माणसाशी रांदोरी करू नका, तो सगळ्यात धोकादायक प्राणी. जुन्या खेळाडूशी करा, तो तुम्हाला सावकाश ठेवतो खाली. आणि थकलात की बाजूला बसा, चाळिशीतली निम्मी दुखणी शेवटच्या "अजून एक राउंड" मध्ये होतात.

चिंचगुळ | ९ एप्रिल, दुपारी १२:००

एवढं सगळं वाचून मी परत परत धागा उघडतेय. पंचेचाळिशीपार, तुमचं "कोणी हात लावत नाही" हे मला कळलं. एक शंका, माझ्या बहिणीची मुलगी बारा वर्षांची आहे, तिलाही घालावं का असं चाललंय, पण मुलामुलींचा एकत्र सराव असतो ना, आणि स्वसंरक्षणासाठी कराटे जास्त बरं का?

लेकीचा_बाबा | ९ एप्रिल, रात्री ८:३५

नाशिक. मुलगी नऊ वर्षांची असताना घातली, आता पंधरा. कराटे की ज्युडो या वादात मला पडायचं नाही (पडलो तरी हात आपटेन). फरक इतकाच सांगतो की कराटेत आमच्या भाचीने चार वर्षं बरंचसं हवेत ठोसे मारले, सुंदर मारते. ज्युडोत पहिल्या महिन्यापासून समोर जिवंत माणूस असतो जो तुमचं ऐकत नाही. अंगावर कोणीतरी पूर्ण वजनाने बसलंय, केसा गातामे (मान आणि हात जखडून खाली दाबून धरायचा डाव) लावलाय, वीस सेकंदांत सुटायचंय नाहीतर इप्पॉन. माझी मुलगी पहिल्यांदा अशी अडकली तेव्हा रडली. आता तिला अशा वेळी काय वाटतं विचारलं तर म्हणते, आधी श्वास घ्यायचा, मग कुठे जागा आहे ते बघायचं. तेच ती गणिताच्या पेपरलाही म्हणते. यामुळे ती रस्त्यावर चार गुंडांना लोळवेल असं कोणी सांगत असेल तर तो क्लास विकतोय. पण कोणी हात धरला तर थिजून जाणार नाही इतपत मला वाटतं.

एकत्र सराव असतो, लहानपणी तर वजनाप्रमाणे जोड्या लावतात. पण मुलीच्या पालकांनी काही गोष्टी बघायलाच हव्यात. पालकांना बसून सराव बघू देतात का. बाई प्रशिक्षक किंवा निदान मोठ्या मुली आहेत का. कपडे बदलायला धड जागा आहे का. आम्ही एक क्लब सोडला तो वेगळ्याच कारणाने: अकरा वर्षांच्या मुलीला जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी जेवू नका, पाणी कमी द्या, सातशे ग्रॅम उतरवायचेत असा निरोप आला. मी म्हटलं ती वरच्या गटात खेळेल आणि हरेल. ती खेळली आणि हरली, पण सकाळी पोहे खाऊन हरली. पुढच्या महिन्यात क्लब बदलला.

लिंथोई चनंबमचं नाव ऐकलंय का? मणिपूरची, २०२२ ला साराजेव्होत कॅडेट (अठरा वर्षांखालच्या) गटात जागतिक सुवर्ण जिंकली ५७ किलोत, कुठल्याही वयोगटातलं भारताचं ज्युडोतलं ते पहिलं जागतिक पदक. लेकीच्या कपाटावर तिचा फोटो आहे, त्यावर माझं काही चालत नाही.

तुलूझकरीण | १० एप्रिल, पहाटे २:१०

फ्रान्समधून. इथे ज्युडो म्हणजे आपल्याकडे जशी उन्हाळी सुट्टीत पोहण्याची शिकवणी तसं आहे, गल्लीतलं प्रत्येक तिसरं पोर बुधवारी दुपारी पांढरा ड्रेस घालून चाललेलं दिसतं. चार-पाच वर्षांची सुद्धा, पण त्यांचा ज्युडो म्हणजे लोळणं, माकडासारखं चालणं आणि एकमेकांचे बेल्ट पळवणं. गळा आवळायचे किंवा कोपराचे डाव लहानांना नाहीतच. रंगीत बेल्टची पद्धत इथेच रुजली, १९३५ च्या सुमारास पॅरिसमध्ये कावाइशी नावाच्या जपानी शिक्षकांनी आणली, त्यांच्या लक्षात आलं की युरोपातल्या लोकांना वर्षानुवर्षं पांढराच बेल्ट बांधायचा धीर नाही :) भिंतीवर आठ गोष्टी लिहिलेल्या असतात, सौजन्य, धैर्य, प्रामाणिकपणा, मान, नम्रता, आदर, स्वतःवर ताबा आणि मैत्री. मुलाच्या तोंडपाठ आहेत, घरी त्यातली एकही दिसत नाही. तरी एक सांगते, शाळेत भाषा येत नव्हती तेव्हा त्याचे पहिले मित्र मॅटवर झाले, कारण तिथे हाजिमे (सुरू), मात्ते (थांबा), रेई (नमस्कार) एवढेच शब्द लागतात आणि ते सगळ्यांनाच परके.

पांढरी_काठी | १० एप्रिल, सकाळी १०:२०

मला कमी दिसतं, म्हणून एक मुद्दा जो कोणी लिहिला नाही. अंध मुलांना पूर्ण झगडता येईल असे खेळ फार कमी आणि ज्युडो त्यातला एक, कारण यात बघण्यापेक्षा पकडीतून कळतं. आमच्या प्रकारात नियम जवळजवळ तेच, फक्त दोघांनी एकमेकांची कॉलर आणि बाही धरल्यावरच हाजिमे म्हणतात. समोरचा कुठे वजन टाकतोय ते कापडातून समजतं, खरंच. मध्य प्रदेशचा कपिल परमार, लहानपणी शेतात विजेचा धक्का बसून दृष्टी गेली, त्याने २०२४ ला पॅरिस पॅरालिंपिकमध्ये ६० किलोत कांस्य घेतलं, ज्युडोतलं भारताचं पहिलं पॅरालिंपिक पदक. आणि पडण्याच्या सरावाचा फायदा कोणाला असेल तर आम्हाला. पुण्याच्या फुटपाथवर चालून बघा डोळे मिटून.

जुनी_पानं | १० एप्रिल, सकाळी ११:००

थोडं अवांतर. ज्युडो भारतात क्रीडा खात्याने आणला असं वाटत असेल तर नाही, रवींद्रनाथांनी आणला. १९०५ मध्ये सानो नावाचे जुजुत्सुचे शिक्षक शांतिनिकेतनात आले होते, आणि १९२९ ला ताकागाकी म्हणून कानोंचे शिष्य. ताकागाकींकडे मुलीही शिकत. त्या काळात बंगाली घरातल्या मुली मॅटवर, विचार करा. आपण २०२५ मध्ये विचारतोय मुलींनी करावं का.

चिंचगुळ | १० एप्रिल, सकाळी ११:२०

बरोबर आहे, कान धरले. परीक्षा संपली की दोन्ही पोरांना डेमो क्लासला नेते.

तांबडीमाती | १० एप्रिल, दुपारी १२:४५

दूध किती पितंय पोरगं ते सांगा आधी.

चिंचगुळ | १९ जुलै, रात्री ९:५०

वर काढतेय धागा. अपडेट द्यायचं राहून गेलं होतं, तीन महिने झाले.

मुलगा पहिल्या दिवशी आत गेलाच नाही, माझी ओढणी धरून उभा. दुसऱ्या दिवशी मॅटच्या कडेला बसला. तिसऱ्या दिवशी सरांनी त्याला सांगितलं की तुला पाडायचं नाही, तू मला पाड, आणि ते नव्वद किलोचे सर अशा काही आवाजात पडले की हा खो खो हसायला लागला, आणि मग काय, घरी गादीवर, सोफ्यावर, आजीच्या पलंगावर धप्प धप्प. अजून अंगाने काडीच आहे, दूधही पीत नाही (सॉरी दादा). घसरगुंडीवरून हाक मारत नाही. मागच्या आठवड्यात शाळेत एका मुलाने ढकललं, हा पडला, हात आपटला, उठला आणि त्या मुलाला म्हणाला, तू बाही धरली नाहीस. बाईंनी फोन करून मला विचारलं हे काय म्हणतोय तुमचा मुलगा.

भाची जाते, तिचे आणि सरांचे खटके उडतात, पण जाते. आणि मी पण जाते. हो. मोठ्यांच्या बॅचला आम्ही चार बायका आहोत. ओ गोशी येतो मला, म्हणजे कंबरेवर घेऊन टाकायचं, नवऱ्यावर करून दाखवला, तो गादीवर पडून म्हणाला कराटेच बरं होतं. सासूबाई काही म्हणत नाहीत, पण परवा मी घरात सराव करत होते तेव्हा कडेला बसून त्या हनुवटी छातीला लावून बघत होत्या, मी बघितलं असं दाखवलं नाही.

आता खरा प्रश्न, ज्यासाठी धागा वर काढला. आमच्या तिघांचे मिळून तीन ड्रेस, आठवड्यात तीन दिवस क्लास, आणि हा पाऊस. कापड इतकं जाड की दोन दिवस पंख्याखाली ठेवलं तरी कॉलरची पट्टी ओलीच, घरभर तबेल्यासारखा वास. काय करता तुम्ही लोक?

पंचेचाळिशीपार | १९ जुलै, रात्री १०:१५

अभिनंदन!! शेवटच्या धुण्यात अर्धी वाटी व्हिनेगर, वास जातो. दोन वेळा स्पिन. हँगरला नको, खांदे ताणतात, दांडीवर आडवा टाका.

मॅटवरची | २० जुलै, सकाळी ७:३०

कॉलर उलटी करून इस्त्री, आधी आतून मग बाहेरून. आणि दुसरा ड्रेस घ्याच ताई, पावसाळ्यात एकावर कोणाचंच भागत नाही. मुलाचा दोन साइझ मोठा घ्या, धुतला की आटतो.

आज्जी_सदुसष्ट | २० जुलै, सकाळी ८:०५

दांडा बसवला बरं का. आणि सासूबाईंना माझा नंबर द्या, व्यक्तिगत निरोपात पाठवते.